यानेकेचं निम्मं कोर्ट

यानेके रोज सकाळी सहाचं कोर्ट दोघींच्या नावानं बुक करायची. यायची एकटीच.

रजिस्टर माझ्याकडे असायचं. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, "दुसरी कोण?"

"येईल," ती म्हणाली.

कोणी आलं नाही. यानेके टोपलीभर चेंडू घेऊन कोर्टाच्या उजव्या निम्म्यात उभी राहायची. सर्व्ह करायची, पुढे धावायची, नेटपाशी थबकायची, पुन्हा मागे. डाव्या निम्म्यात पाऊल टाकायची नाही. असं तासभर. मग चेंडू गोळा करून निघून जायची.

आमचा हनीफ कोर्टावरची वाळू झाडायचा आणि रॅकेटच्या तारा ओढायचा. सियालकोटचा माणूस. त्याच्या घरात तीन पिढ्या खेळाचं सामान बनत होतं, त्यामुळे तो कुणालाच खेळाडू मानायचा नाही. तो मला म्हणाला, "बेटा, मॅडम से पूछो, आधा ही झाड़ूं क्या? बाकी आधे में तो वो जाती नहीं."

मी विचारलं नाही. मी बावीस वर्षांची होते. पुण्याहून साहित्यात बी.ए. करून आखातात, उम्म अल कुवैनला आई-बाबांकडे परत आले होते. बाबा इथल्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात इंजिनिअर. "लिटरेचर घेऊन इथे काय करणार आहेस? दुबईला जा, सेक्रेटरी हो," असं ते म्हणायचे. मी खाडीकाठच्या क्लबात डेस्कवर बसले. चार हार्ड कोर्ट, एक स्विमिंग पूल, मागे उथळ निळं पाणी. २००२ साल होतं. इथे काही घडत नाही, असं सगळेच म्हणायचे.

एके दिवशी यानेकेनं सभासदत्वाचा फॉर्म भरून दिला. वय छत्तीस. देश नेदरलँड्स. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: डबल्स.

"म्हणजे टेनिस?" मी म्हणाले.

"म्हणजे डबल्स."

ती इंग्रजीत बोलायची. मी मराठीत लिहिते आहे, पण तिची वाक्यं खरंच एवढीच असायची.

तिची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. कोर्टावरून आली की ती डेस्कपाशी उभी राहून पाणी प्यायची आणि विचारलं तर सांगायची. न विचारता काही सांगायची नाही.

नेदरलँड्सच्या उत्तरेकडे, कालव्यांच्या भागात तिचं गाव. वडील पुलावर कामाला. होडी आली की पूल वर, होडी गेली की पूल खाली. गावात टेनिसचं एकच कोर्ट आणि पोरं अकरा. दोघांनी खेळायचं म्हणजे नऊ जणांनी बाहेर बसायचं. म्हणून गावात नियमच होता, खेळायचं ते चौघांनी.

"सतरा वर्षांची होईपर्यंत मी कोर्टावर एकटी उभीच राहिले नव्हते," ती म्हणाली. "मग शहरातल्या कोचनं मला एका बाजूला एकटीला उभं केलं. मला वाटलं, बाकीचे कुठे गेले?"

१९९० साली ती व्यावसायिक झाली. नऊ वर्षं खेळली. सिंगल्समध्ये पहिल्या चारशेत कधी आली नाही. डबल्समध्ये एकदा जगात अठ्ठावन्नावी होती. चार छोट्या स्पर्धा जिंकली. एकतीस जणींबरोबर खेळली.

"एकतीस?"

"डबल्सवालीचं कामच ते. हरलं की त्याच संध्याकाळी पुढच्या आठवड्याची जोडीदार शोधायची. नाश्त्याच्या रांगेत, हॉटेलच्या लिफ्टमध्ये. एकीला मी टॉयलेटच्या दाराबाहेरून विचारलं. ती आतून हो म्हणाली. ती स्पर्धा आम्ही जिंकलो."

तिच्याकडे एक वही होती. एकतीस नावं, प्रत्येकीपुढे एक-दोन ओळी. तिनं काही ओळी मला इंग्रजीत वाचून दाखवल्या. 'घाबरली की हसते. हसली की चेंडू वर जाणार.' 'दुसऱ्या सर्व्हला श्वास धरते. मागून बोलत राहायचं.' 'हिला सॉरी म्हणू द्यायचं नाही, नाहीतर सेट जातो.' कॉलेजात तीन वर्षं मी माणसांबद्दल बरंच वाचलं होतं. इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं कुणी लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

शेवटचं नाव कात्काचं. ती ब्रातिस्लाव्हाची. दोघी चार वर्षं एकत्र खेळल्या. तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हिच्यापुढे काही नाही?"

"लिहायची गरज पडली नाही."

नोव्हेंबर १९९९ मध्ये एका बंदिस्त, थंड कोर्टावर त्या दोघी खेळत होत्या. पहिला सेट जिंकला होता. दुसऱ्यात दोन-तीन असताना यानेकेच्या उजव्या खांद्यात काहीतरी तुटलं. अंपायरनं विचारलं, सामना सोडायचा का? यानेके हो म्हणाली. जोडीतली एक थांबली की दोघी थांबतात. खांद्याचं ऑपरेशन झालं. यानेके पुन्हा खेळली नाही, आणि कात्कानंही दुसरी जोडीदार शोधली नाही. मग यानेकेचा नवरा विम गाळ काढणाऱ्या जहाजावर इकडे कामाला आला, आणि ती त्याच्याबरोबर.

तिनं वहीच्या मागच्या पानात घडी घालून ठेवलेला एक कागद दाखवला. तिच्या सगळ्या सामन्यांचे निकाल. सगळ्यात खाली, ६–४, २–३, आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरं. सामना अर्धवट सोडला की अशी अक्षरं छापतात.

"तीनशे ब्याण्णव सामने," यानेके म्हणाली. "हरले तेही शेवटपर्यंत. आणि शेवटच्या ओळीत हे."

त्या अक्षरांवर तिनं अंगठा ठेवला. "मला ही शेवटची ओळ नको आहे. हरलेली चालेल. ही नको."

मग तिनं कागद घडी करून ठेवला आणि उद्याचं कोर्ट बुक केलं. दोघींच्या नावानं.

शुक्रवारी क्लबात गर्दी असायची. सुट्टीचा दिवस. आमच्या बिल्डिंगमधले मुरलीधरकाका यायचे, पाइपच्या कारखान्यात एस्टिमेटर होते. बरोबर शोभनाकाकू. काकू इंडियन स्कूलमध्ये पी.टी. टीचर. लग्नाआधी नागपूर विद्यापीठाकडून टेनिस खेळलेल्या. हे त्या कधी सांगायच्या नाहीत, काका सांगायचे. तेही "ही पूर्वी खेळायची" एवढंच. काका पोहायचे, आणि काकू टॉवेल घेऊन काठावर बसायच्या.

एका शुक्रवारी काका ओल्या केसांनी चहा पीत डेस्कपाशी आले. यानेके तिथेच होती.

"मॅडम, तुमचा रँक काय होता म्हणे?"

"अठ्ठावन्न."

"वर्ल्डमध्ये? अरे वा! सिंगल्सना?"

"डबल्स."

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "म्हणजे अर्धीच प्लेयर म्हण की. दोघींत मिळून एक."

"काय म्हणाले?" यानेकेनं मला विचारलं.

मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. यानेके चिडली नाही. तिनं काकांकडे पाहिलं, मग त्यांचा टॉवेल धरून उभ्या असलेल्या काकूंकडे.

"तुम्ही लग्न सिंगल्स खेळता का?" तिनं काकांना विचारलं.

काकू एवढ्या जोरात हसल्या की पूलमधली माणसं वळून बघायला लागली. "अहो, द्या ना उत्तर! शुभ्रा, विचार गं त्यांना परत!" त्या मला म्हणाल्या.

"यल्ला, यल्ला, चला, खेळा तुम्ही," म्हणत काकांनी चहात तोंड घातलं.

यानेकेनं काकूंच्या हातातला टॉवेल घेऊन काकांच्या खांद्यावर टाकला आणि रिकाम्या हातात रॅकेट दिली. "तुम्ही डावखुऱ्या आहात. टॉवेल डाव्या हातात धरला होतात. डाव्या बाजूला उभ्या राहा."

त्यानंतर रजिस्टरमधलं दुसरं नाव खरं झालं. काकू सकाळी सहाला यायच्या, सातला शाळेच्या बसमध्ये चढायच्या. कोर्टावर त्या इंग्रजी साफ विसरायच्या. "माझा!" म्हणून ओरडायच्या. "तुझा गं, तुझा!" "सोड, सोड, बाहेर जातोय!" पंधरा दिवसांत यानेकेला हे तीन शब्द पाठ झाले. लांब नाकाची, उन्हानं लाल झालेली ती बाई "सोऽड!" म्हणून ओरडली की हनीफ झाडू थांबवून बघायचा.

"पूरा झाड़ना पड़ता है अब," तो कुरकुरायचा.

डिसेंबरमध्ये बातमी आली. पुढच्या फेब्रुवारीत आमच्याच क्लबात एक व्यावसायिक स्पर्धा होणार होती. अगदी खालच्या पायरीची. जगात कुणाला पत्ता लागणार नाही अशी. पण निकाल मात्र त्याच कागदावर छापले जाणार होते.

यानेकेनं डेस्कवरच्या कॉम्प्युटरवरून कात्काला मेल पाठवला. कात्कानं एका शब्दात उत्तर दिलं. कधी? यानेकेनं लिहिलं, 'फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. नोंदणी नेहमीसारखीच, पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या आत, दोघींनी समोर येऊन.'

हा मेल मी पाहिला होता. मलाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

डॉक्टरांनी खांद्याला परवानगी दिली नव्हती. यानेकेनं परत विचारलंही नाही. "एक सामना," ती म्हणाली. "त्याला एकच सामना सांगितलाय."

"कुणाला, डॉक्टरना?"

"खांद्याला."

स्पर्धेचा शनिवार उजाडला. कोर्टावर नवी नेट लागली होती. आठ देशांतल्या मुली पिशव्या घेऊन फिरत होत्या. डेस्कच्या बाजूला टेबल टाकून रेफरी बसला होता, एक इजिप्शियन गृहस्थ, फार सभ्य. त्याच्यासमोर डबल्सचा कागद. जागा सोळा जोड्यांना, सह्या चौदा जोड्यांच्या.

पावणेअकरा झाले तरी कात्काचा पत्ता नव्हता. यानेकेनं क्लबातून तिच्या घरी फोन लावला. फोन कात्कानंच उचलला.

ती कपड्यांना इस्त्री करत होती. तिचं विमान त्या रात्री होतं. रविवारी दुपारी पोचणार. एक दिवस आधीच पोचतेय म्हणून स्वतःवर खूश होती.

कारण त्यांच्या सगळ्या आयुष्यात स्पर्धेचा आठवडा सोमवारी सुरू होत आला होता. नऊ वर्षं, एकही आठवडा न चुकता. पहिला दिवस म्हणजे सोमवार, हे सांगायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आणि यानेके इथे राहून आमच्यासारखी झाली होती. शुक्रवार सुट्टीचा, शनिवारी आठवडा सुरू. तारीख लिहावी हे दोघींनाही सुचलं नाही.

यानेकेनं रिसीव्हर खाली ठेवला. रडली नाही. घड्याळाकडे पाहिलं.

"शोभना कुठे आहे?"

"शाळेत. आज वर्किंग डे."

"आण तिला."

"यानेके, काकू प्रोफेशनल नाहीत. त्यांना—"

"शुभ्रा. आण."

माझ्याकडे लायसन्स नव्हतं, तीनदा नापास झाले होते. हनीफनं क्लबाची पिकअप काढली. मागे चुन्याच्या गोणी तशाच. "तारें खींचता हूँ मैं, बारात नहीं," असं म्हणत त्यानं ती अशी हाणली की चुना सगळ्या रस्त्यावर उडाला.

काकू मैदानावर सहावीच्या मुलींना उंच उड्या मारायला लावत होत्या. सलवार-कमीज, पायात बूट, गळ्यात शिट्टी. मी एका श्वासात सगळं सांगितलं.

"वेडी आहेस का तू?" काकू म्हणाल्या. "माझं वय काय? एक्केचाळीस. त्या पोरी मला फाडून खातील."

"काकू, नाहीतर तिला खेळता येणार नाही."

"आणि लोक काय म्हणतील? स्कूलचं काय? आणि हे?"

मी त्या कागदाबद्दल सांगितलं. शेवटची ओळ. तीन अक्षरं. काकूंना हे ठाऊक नव्हतं. चार महिने शेजारी उभं राहून खेळूनही यानेकेनं त्यांना सांगितलं नव्हतं.

काकूंनी शिट्टी तोंडात धरली. वाजवली नाही. मुली उड्या मारतच होत्या.

"सर्व्ह कोण करणार आधी?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"अगं, आधी सर्व्ह कोण करणार? तिनं करायची की मी? तिचा खांदा वाचवायचा असेल तर पहिली मी करते. सांग तिला." शिट्टी त्यांनी बाजूच्या टीचरच्या गळ्यात घातली.

ऑफिसमधून त्यांनी काकांना फोन केला. मी दारात होते.

"अहो, मी टूर्नामेंट खेळायला चाललेय... नाही, शाळेची नाही... नाही हो, मुलींची नाही, माझी... हसू देत, त्यांना दात दिलेत देवानं... वरण फ्रीजमध्ये आहे."

बाराला सहा मिनिटं कमी असताना आम्ही क्लबात शिरलो. काकूंच्या कमीजवर चुना. रेफरीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रँकिंग?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"क्लब?"

"हाच."

रेफरीनं पेन खाली ठेवलं. यानेकेला हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, नियमात बसतं. पण इथे मुली व्यवसाय म्हणून खेळायला आल्यात."

"मीही," यानेके म्हणाली. "तीनशे ब्याण्णव वेळा आले आहे."

त्यानं पेन उचलून काकूंच्या पुढे धरलं. काकूंनी हजेरीपटावर करतात तशी पूर्ण नावानिशी सही केली. यानेकेनं पिशवीतून वही काढली आणि उभ्या उभ्या बत्तिसावं नाव लिहिलं.

सामना रविवारी चार वाजता. काकू शाळेचा टी-शर्ट आणि ट्रॅकपँट घालून आल्या. रेफरी म्हणाला, शाळेच्या नावाची अक्षरं नियमापेक्षा मोठी आहेत. हनीफनं काळी चिकटपट्टी आणली आणि काकूंच्या पाठीवरचं शाळेचं नाव झाकलं. "अब आप किसी की नहीं," तो म्हणाला. काकूंना ते आवडलं.

समोर दोघी होत्या. एक एकोणीसची, एक सतराची. हात पाय लांब, चेहऱ्यावर काही नाही. काकूंकडे बघून त्या एकमेकींना काहीतरी बोलल्या आणि हसल्या.

बघायला तीसेक माणसं. मुरलीधरकाका ऑफिसच्या कपड्यांत, टाय सैल करून, अगदी कडेला बसलेले, जणू दुसऱ्याच कामासाठी आलेत. आणि वॉर्म-अप चालू असताना गेटमधून एक उंच बाई सुटकेस ओढत आली. ती थेट कुंपणापाशी गेली. जाळीत बोटं घालून तिनं आत पाहिलं. तिच्या जागेवर चिकटपट्टी लावलेली एक बाई उभी होती.

"यानेके!" ती ओरडली आणि पुढे तिच्या भाषेत असं काही बोलली की सगळी चिडीचूप झाली.

"सोमवार!" यानेके आतून ओरडली. "तुझा सोमवार!"

"तुझा मेल!" कात्का ओरडली.

अंपायरनं शांतता राखायला सांगितलं. कात्का धप्पकन सुटकेसवर बसली. ती नेमकी काकांच्या शेजारी. काकांनी जरा वेळ वाट पाहिली आणि चिवड्याचा डबा तिच्यापुढे केला. "माय वाइफ," काकूंकडे बोट दाखवून ते म्हणाले. "लेफ्ट हँड."

मुलींनी ठरवलं होतं. प्रत्येक चेंडू काकूंवर. पहिले तीन गेम पाणी प्यायला मिळण्याआधीच गेले. काकूंचे चेंडू नेटमध्ये, काकूंचे चेंडू पूलमध्ये. दर चुकीला त्या "सॉरी गं" म्हणायच्या. चौथ्या गेमला यानेके त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी बोलली. काकूंनी मान हलवली. त्यानंतर सॉरी ऐकू आलं नाही.

मग मी ते पाहिलं. इतके महिने मी यानेकेला एकटीला पाहत होते आणि मला वाटायचं ती अर्धं काहीतरी करते आहे. काकू मारायच्या त्याआधीच यानेके हललेली असायची. समोरची मुलगी चेंडू काकूंकडे मारायला वळायची, आणि मधे यानेके असायची. कुठून आली ते कळायचं नाही. मुलींचे फटके तिच्यापेक्षा दुप्पट जोरात होते. पण त्या दोघी दोन सामने खेळत होत्या. या दोघी एक. पहिला सेट ४–६ गेला, पण मुलींचं हसणं गेलं होतं. कात्का जाळीला नाक लावून बसली होती. "वाइड, वाइड उभी राहा," ती काकूंना इंग्रजीत सांगत होती. काकूंना ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या सेटमध्ये तीन-तीन. एक उंच चेंडू आला. यानेकेनं हात वर नेऊन तो मारला. पॉइंट मिळाला. हात मात्र तिनं डाव्या हातानं धरून खाली आणला.

फिजिओ आली. तीन मिनिटं तिनं खांदा चाचपला. यानेकेचा चेहरा भिंतीसारखा होता. गेम गेला, तीन-चार. पुढची सर्व्ह यानेकेची. तिनं चेंडू वर उडवला, हात उचलला आणि चेंडू तसाच खाली पडू दिला. हात वर जात नव्हता.

अंपायर खुर्चीवरून वाकली. "सामना सोडायचा का?"

सगळ्यांना ते ऐकू गेलं. कात्का उभी राहिली. तिनं जाळी दोन्ही हातांनी धरली.

"नाही," यानेके म्हणाली. मराठीत. मग बहुतेक तिच्या लक्षात आलं आणि तिनं इंग्रजीत सांगितलं.

तिनं चेंडू कमरेपाशी सोडला आणि खालून रॅकेट फिरवली. गावातली लहान पोरं करतात तशी सर्व्ह. चेंडू नेटवरून तरंगत गेला आणि मऊ टप्पा घेऊन थांबला. समोरची मुलगी धावत आली, हसली, आणि तो नेटमध्ये मारला.

कुणीतरी शिट्टी मारली. हनीफ असावा.

तो गेम त्यांनी जिंकला, खालून सर्व्ह करून. चार-चार. मग चार-पाच. काकूंच्या सर्व्हवर पाच-पाच. काका आता कडेला नव्हते. ते पहिल्या रांगेत उभे होते आणि टाय खिशात होता. "शोभना! वर बघ, वर!" ते ओरडत होते. त्यांना टेनिसमधलं काही कळत नव्हतं. पाच-सहा.

शेवटचा गेम. पुन्हा यानेकेची सर्व्ह. मुलींना आता कळलं होतं. चेंडू फक्त उंच टाकायचा, यानेकेच्या डोक्यावरून. तो हात वर जात नव्हता. पंधरा-चाळीस.

यानेकेनं खालून सर्व्ह केली आणि आपल्या निम्म्यात पुढे धावली. चेंडू उंच गेला, सरळ तिच्या डोक्यावर. तिनं वर पाहिलं. हात उचलला नाही. ती फक्त एक पाऊल बाजूला झाली.

"माझा!"

काकू डाव्या बाजूनं आल्या. मधली रेघ ओलांडून, चिकटपट्टी सुटून पाठीवर फडफडत. एक्केचाळीस वर्षांच्या पी.टी. टीचर, उडी मारून. चेंडूवर रॅकेट पूर्ण बसली. फटका इतका जोरात होता की समोरच्या दोघी बाजूला झाल्या.

चेंडू बेसलाइनच्या वीतभर बाहेर पडला.

सामना संपला. ४–६, ५–७.

काकू तिथेच मटकन बसल्या. "माझ्यामुळे गेला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मी सोडायला हवा होता गं."

मी धावत आत गेले होते. यानेकेनं विचारलं, काय म्हणतेय? मी सांगितलं.

"तिला सांग, तो तिचाच होता," यानेके म्हणाली. "सोडला असता तर मी तिला मारलं असतं."

फिजिओ बर्फ घेऊन उभी होती. यानेकेनं तिला हातानंच थांबवलं. नेटपाशी जाऊन मुलींशी डाव्या हातानं हात मिळवले. मग कोर्टाबाहेर आली आणि रेफरीच्या टेबलापाशी गेली. मी मागोमाग. रेफरी निकाल लिहीत होता. ती बाजूला उभी राहून बघत राहिली. त्यानं चार आकडे लिहिले. सातनंतर पेन उचललं.

"पुढे काही नाही ना?" तिनं विचारलं.

रेफरीला प्रश्न कळला नाही. "पुढे काय?"

"काही नाही."

ती कागदाकडे पाहत राहिली. सातच्या पुढची कोरी जागा. मग ती डेस्कमागच्या माझ्या खुर्चीत बसली आणि फिजिओला म्हणाली, "आता लावा."

कात्का सुटकेस ओढत आली. मागे काका, रिकामा डबा आणि काकूंची रॅकेट घेऊन. कात्कानंही तो निकाल वाचला. बराच वेळ वाचला.

"हरलीस," ती म्हणाली.

"हरले."

"शेवटपर्यंत."

"शेवटपर्यंत."

कात्कानं कागद खाली ठेवला. "तुझी ओळ बदलली. माझी अजून तीच आहे. दोन आणि तीन. आणि ती तीन अक्षरं."

मी यानेकेकडे पाहिलं. हे तिच्या मनात आलंच नसावं, किंवा आलं असेल आणि तिनं बाजूला ठेवलं असेल. खांद्यावर बर्फाची पिशवी, चेहरा पांढराफटक. फिजिओ नुकतीच तिला सांगून गेली होती की हा हात आता केस विंचरायलाही वर जाईल की नाही ठाऊक नाही.

"पुढच्या वर्षी," यानेके म्हणाली. "शनिवारी."

"कुठल्या हातानं खेळणार?" कात्कानं विचारलं.

यानेकेनं डावा हात वर केला. तो वर गेला.

काकू दारात उभ्या होत्या, पाठीवरची उरलेली पट्टी काढत. "मग ती उजवीकडे उभी राहील," त्या कात्काकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "आणि ही डावीकडे, माझ्या जागी. सांग हिला, डाव्या हातानं सर्व्ह मी शिकवते. सकाळी सहाला."

मी सांगितलं. मग रजिस्टर ओढलं आणि सोमवारचं पान उघडलं. सहाचं कोर्ट. कुणाच्या नावानं, हे विचारायला मी मान वर केली.

"लिही ना," यानेके म्हणाली. "दोघींच्या."